घराबाहेर पडताना

दर वसंतात कंपनीचं वार्तापत्र निघायचं आणि ते धाकटीच लिहायची, कारण त्या कचेरीत बाकी कुणाला दोन वाक्यं धड लिहिता येत नव्हती. कंपनी म्हणजे तरी काय, बैठ्या इमारतीतल्या दोन खोल्या, भिंतभर वायरींची भेंडोळी, परत आलेल्या राउटरांचा ढीग आणि समोर एक मोठा पडदा. पडद्यावर गावातलं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे एक ठिपका. इंटरनेट चालू असलं की हिरवा, बंद पडलं की लाल. एखादी गल्ली लाल झाली की धाकटीचा फोन खणखणायला लागायचा आणि लोक तिचा उद्धार करायचे. ती तक्रारी घ्यायची, बिलं काढायची आणि थंडी सरली की चार पानी वार्तापत्र लिहायची. कुठल्या गल्लीत नवी केबल टाकली, कुठला प्लॅन बदलला, आणि शेवटच्या पानावर घरगुती सूचना.

सूचना ती मन लावून लिहायची. राउटर माशांच्या टाकीमागे ठेवू नका. कपाटात कोंडू नका, त्यालाही हवा लागते. वसंतातल्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. गेल्या वर्षी एका बाईंनी त्याला चक्क आंघोळ घातली होती. पासवर्ड म्हणून एक ते आठ आकडे ओळीने टाकू नका, तो शेजारच्या पोरांनाही सुचतो. लोक वाचायचे, हसायचे, आणि पुन्हा राउटर माशांच्या टाकीमागेच ठेवायचे.

यंदाचे गठ्ठे छापून आले आणि शेवटचं पान बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, तिने न लिहिलेली सूचना होती: घराबाहेर पडताना राउटर बंद करा. रोज, न चुकता.

ती गठ्ठा घेऊन तशीच आतल्या खोलीत गेली. कंपनीचे मालक तिथे बसायचे. मालक म्हणजे तिचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

"ही सूचना मी काढून टाकली होती," ती म्हणाली.

"मी परत घातली." त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला?"

"वीज वाचते. जुनीच तर सूचना आहे."

"जुनी होती ती सगळ्यात खाली असायची, बारीक अक्षरांत. आणि यंदा, भावोजी? यंदा तुमचा हात धजला कसा?"

आता त्यांनी वर बघितलं. डोळे झोप नसल्यासारखे लाल होते. "कंपनी माझी आहे," ते म्हणाले. "गठ्ठे आजच्या आज वाटायला दे."

ती गठ्ठा उचलून बाहेर आली. घाबरली होती म्हणून नव्हे, तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता म्हणून.

भावोजींचं घर टेकडीच्या पोटाशी होतं. मोबाइलची रेंज तिथे औषधालाही नव्हती. फोन लागायचा तो घरातल्या वायफायवरच. गेल्या उन्हाळ्यात थोरलीच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि ती वरच्या खोलीत पडून राहिली. जिना उतरणं बंद, त्यात दमा जुना. ओरडून हाक मारण्याइतका श्वास तिच्याजवळ नव्हता, म्हणून काही लागलं की ती फोन लावायची आणि म्हणायची, "खाली कोणी आहे का? जरा वर या ना." एका दुपारी भावोजी बाहेर गेले आणि मागे तिला दम लागला. संध्याकाळी ती सापडली तेव्हा फोन मुठीत होता. भावोजींना, धाकटीला, डॉक्टरांना, पुन्हा धाकटीला, तिने लावलेला एकही फोन लागला नव्हता.

"लाइन पडली होती," भावोजी सगळ्यांना सांगत सुटले. त्या दुपारी लाइनमन टेकडीखालच्या खांबावर काम करत होता, सगळ्यांनी त्याला बघितलं होतं. मग काय, सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. त्याला सगळे शिडी म्हणायचे, कारण खांद्यावर शिडी नसलेला तो कुणी कधी पाहिलाच नव्हता. आठवडा उलटायच्या आत त्याला घरी बसवलं. जाताना तो धाकटीजवळ थांबला होता. "ताई, लाइन पडली असती तर ती अख्खी गल्ली बोंबलली असती. तुम्हाला एक तरी फोन आला होता का त्या दुपारी?"

आला नव्हता. आणि भावोजींची सवय घरातल्या सगळ्यांना पाठ होती. दाराशी बूट, खुंटीवरची किल्ली, मग राउटरचं बटण. थोरली त्यावरून त्यांची थट्टा करायची. पण सवय म्हणजे पुरावा नव्हे, आणि विचारलं की ते काखा वर करायचे. तेव्हापासून धाकटीला एवढंच हवं होतं: त्या माणसाने एकदा, स्वतःच्या तोंडाने, मी बंद केलं असं म्हणावं. शिडीच्या कपाळावरचा डाग पुसला जावा. हे सोडून त्या माणसाने तीच सूचना ठळक अक्षरांत छापली होती!

गठ्ठे वाटले गेले. दोन दिवसांनी पहिला फोन आला, तो मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ वार्तापत्र वाचायचे तेही लाल पेन हातात घेऊन.

"तुमच्या सूचनेप्रमाणे राउटर बंद केला," मास्तर म्हणाले, "आणि तरी फोनवर इंटरनेट दिसतंय. मग बंद काय झालं?"

"शेजारच्यांचं दिसत असेल, मास्तर."

"शेजारच्यांच्या वायफायला त्यांच्या कुत्र्याचं नाव आहे, ते मला माहीत आहे. हे दुसरं आहे. 'वरची खोली' असं नाव आहे."

धाकटीचा हात टाइप करता करता थांबला. मग तिने स्वतःलाच दटावलं. खोलीखोलीत इंटरनेट पोचावं म्हणून शिडी छोटी खोकी बसवायचा आणि गिऱ्हाइकांचा घोळ नको म्हणून प्रत्येकाला खोलीचंच नाव द्यायचा. स्वयंपाकघर, मागची पडवी, वरची खोली. असेल कुणाच्या तरी घरातलं.

दुसऱ्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी आधी दोन मिनिटं नुसती आगपाखड केली. गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला निघाले, राउटर बंद केला, तेवढ्यात फोन वाजला. कोण तर एक बाई. "म्हणते, खाली कोणी आहे का? अहो, माझं घर एक खोलीचं! त्याला वर नाही नि खाली नाही. असल्या चेष्टा तुमच्या कंपनीने चालवल्यात का?"

"आणखी काय म्हणाल्या त्या?" धाकटीने विचारलं. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं.

"जरा वर या ना म्हणे. मी फोन आपटला."

मग फोन येतच राहिले. औषधांच्या दुकानातून, दाताच्या डॉक्टरकडून, नव्या सुनेचे सासूच्या नकळत, सासूचे सुनेच्या नकळत. कुणी चिडलेलं, कुणी हसत असलेलं, एक बाई मात्र रडत होती. "तिला श्वास लागलाय हो," ती म्हणाली, "कुणीतरी जा ना तिच्याकडे."

धाकटीने शिडीला फोन लावला. तो आता एका गोदामात खोकी उचलायचा. "वरची खोली हे नाव किती घरांत दिलंयस?"

"एकाच, ताई. साहेबांच्या. बाकी आपल्या गावात सगळी बैठी घरं. का हो?"

तिने फोन ठेवला. ते खोकं कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं. थोरली गेल्यावर भावोजींनी ते भिंतीवरून उपटून आणलं होतं आणि तिच्या टेबलावर टाकलं होतं, लटकती वायर तुटलेली. फेकून द्यायला तिला धीर झाला नाही, म्हणून ते खणात पडून होतं. तिने खण ओढला. खोकं होतं तिथेच होतं, वायर तुटलेली होती तशीच. तिने हात लावला तर ते कोमट लागलं, नुकतंच कुणी वापरून ठेवल्यासारखं.

उन्हाने तापलं असेल, असं ती मनाशी म्हणाली. खणात ऊन येत नव्हतं.

दुपारी ती मास्तरांकडे गेली. कुणीतरी चावटपणा करतंय आणि आपण तो पकडणार, असं तिने रस्ताभर स्वतःला बजावलं होतं. मास्तरांच्या दोनच खोल्या, पुढची आणि मागची, वर पत्रा. राउटर पुस्तकांच्या फळीवर, धूळ कोरड्या फडक्याने पुसलेली. मास्तरांनी बटण बंद केलं. हिरवे दिवे विझले. मास्तरांच्या फोनच्या पडद्यावर एकच नाव उरलं, वरची खोली, आणि समोर सिग्नलच्या पूर्ण भरलेल्या पट्ट्या.

फोन वाजला. मास्तर तो तिच्यापुढे धरून मागे सरकले.

आधी पंख्याचा आवाज आला. प्रत्येक फेऱ्याला एकदा टक्. वरच्या खोलीतला तो पंखा थोरलीच्या लग्नापासून तसाच वाजायचा. दुरुस्त करतो, दुरुस्त करतो असं भावोजी वर्षानुवर्षं म्हणत होते. त्या टक् टक् च्या मध्ये श्वास होता, ओढून ओढून घेतलेला.

"खाली कोणी आहे का? जरा वर या ना."

"थोरले," धाकटी म्हणाली. "थोरले, मी आहे गं. धाकटी."

"खाली कोणी आहे का?"

"मी आहे! ऐकतेयस का? मी आहे इथे!"

"जरा वर या ना."

तिच्या बोलण्याचं तिकडे काहीच पोचत नव्हतं. मास्तरांनी राउटर चालू केला आणि आवाज मध्येच तुटला.

"का चालू केलंत?" धाकटी त्यांच्यावर ओरडली. ज्यांच्यासमोर गावातलं कुणी आवाज चढवत नव्हतं त्या मास्तरांवर ती ओरडली, आणि मास्तरांनी बिचाऱ्यांनी खाली मान घातली.

"बाई, ती ज्याला बोलावतेय तो मी नव्हे," ते हळूच म्हणाले. "किती वेळ ऐकायचं मी?"

परत येताना तिला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ज्या बाईचा श्वास मुंगीएवढा उरला होता, ती परक्यांच्या दारोदार हाका मारत फिरत होती, आणि ज्याने ऐकायला हवं तो आतल्या खोलीत बसून वीज वाचवायच्या गोष्टी करत होता. कचेरीत आल्यावर ती पडद्यासमोर उभी राहिली. सूचना पाळून लोक बाहेर पडत होते, गावभर ठिपके लाल होत होते, हिरवे होत होते. टेकडीशी असलेला भावोजींचा ठिपका मात्र हिरवाच. मालक तर आतल्या खोलीत बसलेले होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने आठवून बघितलं. थोरली गेल्यापासून तो ठिपका एकदाही लाल झालेला तिला आठवेना.

रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. भावोजींनी दार उघडलं आणि तिला बघून दारातच उभे राहिले. ती त्यांना ओलांडून आत गेली. बुटांची मांडणी, किल्लीची खुंटी, वर फळीवर राउटर, आणि त्याच्या खाली बटण. बटण दिसत नव्हतं. त्याच्यावर काळी चिकटपट्टी होती, थरावर थर, कुणी जखम बांधावी तशी.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. बटण सैल झालंय."

"गावाला ठळक अक्षरांत सांगता, रोज बंद करा, न चुकता. आणि स्वतःच्या घरात पट्ट्या मारून ठेवता?"

"तू घरी जा."

"पट्टी कशाला, भावोजी?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. मग एकदम फुटले. "बंद केलं की वाजतो! ऐकायचंय? बंद केलं की फोन वाजतो! कचेरीतून आलो तरी वाजतो, फोन बदलला तरी वाजतो. म्हणून चालूच ठेवला. मग चालू असतानाही वाजायला लागला!"

"आणि सूचना?"

त्यांनी नजर टाळली. "इतकी घरं आहेत आपली," ते म्हणाले. "कुठेही बंद असला की तिकडे जाते ती. सगळ्यांच्यात वाटलं गेलं तर एकेकाला कितीसं? वार्तापत्र गेल्यापासून मला झोप लागते."

बायकोचा शेवटचा श्वास या माणसाने गावभर वाटून टाकला होता, केबलच्या जोडणीसारखा.

"त्या दुपारी तुम्ही बंद केला होता."

"सवय होती गं! बूट, किल्ली, बटण. हात आपोआप गेला. मुद्दाम केलं का मी?"

"आणि शिडी?"

"मग काय सांगायला हवं होतं मी लोकांना?" ते उलटून ओरडले. "काय सांगायला हवं होतं?"

इतके महिने जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं. राग उतरेल असं तिला वाटलं होतं. उतरला नाही. तिने नखांनी पट्टीचं टोक उचकटलं आणि सगळे थर एकदम ओढून काढले.

"नको," भावोजी म्हणाले. "नको, ऐक माझं."

तिने बटण बंद केलं.

दिवे विझले. भावोजींच्या खिशात फोन वाजला.

"घ्या," ती म्हणाली. बटणाला पाठ लावून ती उभी राहिली होती.

त्यांनी फोन काढला.

टक्. टक्. "खाली कोणी आहे का? जरा वर या ना."

"उत्तर द्या तिला."

"मी..." त्यांनी फोन तोंडाजवळ आणला. "मी आहे खाली."

श्वास थांबला. पंखा तेवढा वाजत राहिला.

मग थोरली म्हणाली, "मग वर या ना."

भावोजींचा चेहरा पांढराफटक झाला, आणि पुढच्याच क्षणी लालबुंद. "कोणी नाहीये वर!" ते धाकटीच्या अंगावर धावून आल्यासारखे ओरडले. "कोणी नाही! मी खोली रिकामी केलीय, पंखासुद्धा काढलाय! थांब, दाखवतो तुला!"

ते तरातरा जिना चढले. पावलं वर पोचली. दार उघडल्याचा आवाज आला.

उघड्या दारातून पंख्याचा वारा खाली जिन्यापर्यंत आला. टक्. टक्.

दार हळूच लागलं.

धाकटी उभी राहिली. वरून ओरडणं नाही, धडपड नाही, काही नाही.

मग तिच्या पर्समधला फोन वाजला. त्या घरात रेंज नव्हती. पडद्यावर नाव होतं, वरची खोली, आणि सगळ्या पट्ट्या भरलेल्या.

"धाकटे," भावोजींचा आवाज होता. ओढून ओढून येत होता. "खाली आहेस का? जरा वर ये."

तिने जिन्याकडे बघितलं. वरचं दार इथून दिसत होतं, बंद, साधं.

"धाकटे, आहेस ना? ते बटण तेवढं..."

"लाइन पडलीय, भावोजी," ती म्हणाली.

तिने बूट घातले. खुंटीवरची किल्ली काढली. हात आपोआप बटणाकडे गेला, पण ते बंदच होतं. तिने दार ओढून घेतलं.

सोमवारी सकाळी शिडी कामावर आला. धाकटीनेच रात्री फोन करून बोलावलं होतं. साहेबांचं मी बघते, म्हणाली होती. त्याने शिडी भिंतीला टेकवून ठेवली, जशी ती पूर्वी असायची, आणि थोडा वेळ तो नुसताच सगळीकडे बघत उभा राहिला. तिला बरं वाटलं. ती वार्तापत्राची दुरुस्तीची पट्टी लिहीत होती: सूचना पहिली रद्द समजावी.

मास्तरांचा फोन आला. सूचना रद्द होते आहे हे ऐकून ते म्हणाले, "उत्तम. पण नोंद म्हणून सांगतो. सकाळी पुन्हा बंद करून बघितला. आता त्या बाई नाहीत. कोणी गृहस्थ आहेत."

"काय म्हणतात?"

"तेच म्हणतात. मागे पंखा वाजतो, तोही तोच."

"चालू ठेवा, मास्तर," ती म्हणाली. "चालू असला की त्रास नाही."

शिडी पडद्यासमोर उभा होता. गावभर हिरवे ठिपके होते आणि टेकडीशी एकच लाल. "ताई, साहेबांच्या घरची लाइन बंद दिसतेय. जाऊन बघू का?"

"राहू दे," धाकटी म्हणाली. "बाहेर पडताना बंद करून गेले असतील."

तिने रबर काढायला खण ओढला. तुटक्या वायरीचं खोकं आत होतं, आणि त्याच्याखालचा कागद कडेने तपकिरी व्हायला लागला होता. तिने रबर घेतलं आणि खण परत लावून टाकला.